पहिले दहा मीटर: फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना वेगाचा सराव कसा द्यावा

सराव संपत आला की शिट्टी वाजते आणि मुलांना सांगितलं जातं, "चला, आता दहा स्प्रिंट." तासभर खेळून पाय जड झालेले, धाप लागलेली, आणि त्यात या गोलपासून त्या गोलपर्यंत पळायचं. चौथ्या-पाचव्या फेरीपासून मुलं जे पळतात ते दमलेलं धावणं असतं. त्याने दम वाढेल, पण वेग वाढणार नाही. शरीर ज्या वेगात सराव करतं तोच वेग अंगी मुरतो. रोज ऐंशी टक्के जोराने पळणारा मुलगा ऐंशी टक्के जोराने पळण्यात तरबेज होतो.

म्हणून वेगाच्या सरावाचे नियम तीनच धरावेत. पाय ताजे हवेत, अंतर कमी हवं आणि दोन धावांच्या मध्ये पुरेशी विश्रांती हवी. पूर्ण जोराच्या धावेला स्नायू जी साठवलेली ऊर्जा वापरतात ती काही सेकंदांतच खाली येते आणि बरीचशी भरून यायला दोन-तीन मिनिटं लागतात. धाव दहा मीटरची असेल तर साठा थोडाच खर्च होतो, मग एक मिनिट पुरतं. मैदानावर लक्षात ठेवायला सोपा हिशेब असा: दर दहा मीटरला एक मिनिट विश्रांती. वीस मीटर पळवलंत तर दोन मिनिटं. "पोरं नुसती उभी आहेत" असं बाहेर उभ्या असलेल्या पालकांना वाटेल. वाटू द्या, त्या उभं राहण्यातच पुढची धाव चांगली होते.

अंतर आणि मैदान

सामन्यात खेळाडू पूर्ण जोराने धावतो ते बहुतेक वेळा पाच ते वीस मीटर. कडेने चढाई करणाऱ्या विंगरला किंवा कडेच्या डिफेंडरला कधी तीस-चाळीस मीटरची धाव लागते, पण सुटलेल्या बॉलवर पोचणं, पाठीशी लागलेल्या मार्करला चुकवणं, स्ट्रायकरच्या आडवं जाणं हे सगळं पहिल्या दहा मीटरमध्ये ठरतं. २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टने शंभर मीटर ९.५८ सेकंदांत पार केले तेव्हा त्याचा सर्वांत जास्त वेग साठ ते ऐंशी मीटरच्या टप्प्यात होता. फुटबॉलमध्ये तोवर बॉल कुणीतरी मारून मोकळा झालेला असतो. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला शंभर मीटर पळवून फुटबॉलचा वेग तयार होत नाही.

अंतरं मोजायला मैदानाच्या रेघा वापरा. मोठ्या मैदानावर गोललाइनपासून गोल एरियाची रेघ ५.५ मीटरवर, पेनल्टी स्पॉट ११ मीटरवर आणि पेनल्टी बॉक्सची रेघ १६.५ मीटरवर असते. मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर, म्हणजे आरपार १८.३ मीटर. शाळेच्या लहान मैदानावर ही मापं पाळलेली नसतात. तिथे एक जाड सुतळी घ्या, टेपने एकदाच मोजून ५, १०, १५ आणि २० मीटरवर गाठी मारा आणि रोज ती पसरून फक्कीच्या खुणा करा. पावलं मोजून अंतर ठरवू नका. दर वेळी ते वेगळं भरतं आणि मग मुलाचा वेग वाढला की अंतर कमी पडलं हे कळायला मार्ग उरत नाही.

कोल्हापूरपासून विदर्भापर्यंत बरीच मुलं मुरमाच्या किंवा कडक मातीच्या मैदानावर शिकतात. धावपट्टी ठरवल्यावर प्रशिक्षकाने स्वतः ती चालून पाहावी. खडे वेचावेत, खड्डा असेल तर पट्टी सरकवावी. संपण्याच्या रेघेपुढे थांबायला किमान दहा मीटर मोकळी जागा ठेवा. कंपाउंडची भिंत जवळ असली की मुलं शेवटचे तीन मीटर आपोआप वेग कमी करतात, आणि जे करत नाहीत ते हातावर भिंत झेलतात.

बुटांबद्दल दोन गोष्टी. कडक जमिनीवर लांब स्टडचे बूट नकोत. ते जमिनीत रुतत नाहीत, सगळा भार चार-सहा टोकांवर येतो, तळपाय आणि टाच दुखायला लागते, वळताना पाय घसरतो. बारीक रबरी गोळ्यांचे, टर्फसाठी मिळतात तसे बूट बरे. दुसरं म्हणजे "पुढच्या वर्षीही चालतील" म्हणून एक नंबर मोठे बूट घेऊ नयेत. आत पाय सरकला की जमिनीवर दिलेला जोर तिथेच वाया जातो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं.

वॉर्मअप

बारा ते पंधरा मिनिटं द्या. दोन मिनिटं हलकं धावणं, मग बाजूला सरकत धावणं, मागे धावणं, गुडघे उचलत चालणं, पुढे मोठं पाऊल टाकून खाली बसणं (प्रत्येक पायाने पाच), पाय पुढे-मागे आणि आडवा झुलवणं (प्रत्येकी दहा). त्यानंतर चवड्यांवर वीस छोट्या उड्या, गुडघे जवळपास ताठ आणि घोटा कडक ठेवून. शेवटी वीस मीटरच्या तीन धावा, पहिली साठ टक्के जोराने, दुसरी पंचाहत्तर, तिसरी नव्वद. या तीन धावा गाळून एकदम पूर्ण जोर लावला तर मांडीचा मागचा स्नायू धरतो. हिवाळ्यात सकाळी साडेसहाच्या सरावात ही चूक सगळ्यांत जास्त महागात पडते.

एकाच जागी मिनिट-मिनिट धरून ठेवायचे ताण सरावाआधी देऊ नका. त्याने स्नायूचा झटका काही वेळ मंदावतो. ते घरी जाण्याआधी करावेत.

ज्या संघांना तयार आराखडा हवा असेल त्यांच्यासाठी फिफाचा '११+' हा वॉर्मअप आहे. तीन भाग, पंधरा व्यायाम, सवय झाल्यावर साधारण वीस मिनिटं. लहान मुलांसाठी त्याची वेगळी आवृत्तीही आहे. तो दुखापती टाळण्यासाठी बनवलेला आहे आणि त्या कामाला उत्तम आहे, पण त्यातल्या धावांनाच वेगाचा सराव समजू नये.

सुरुवात शिकवणं

मुलांना तीनच गोष्टी सांगायच्या, त्याही एका दिवशी एकच.

पहिली: "जमीन मागे ढकल." बहुतेक मुलं पहिलं पाऊल पुढे टाकायला जातात. पाय शरीराच्या पुढे पडतो, टाच टेकते आणि तो ब्रेकसारखा काम करतो. सुरुवातीच्या पावलांत पाय कमरेच्या खाली किंवा किंचित मागे पडायला हवा, चवड्यावर, आणि नडगी पुढे झुकलेली हवी. हे समजावून सांगण्यापेक्षा भिंतीला धरून करून घ्या. दोन्ही हात भिंतीला, अंग डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ रेषेत तिरकं, एक गुडघा वर. "बदल" म्हटलं की पाय झटक्यात बदलायचे. आधी एक बदल, मग तीन, मग पाच. कंबर मागे पडली किंवा पाठ वाकली की थांबवून पुन्हा.

दुसरी: "खिशापासून गालापर्यंत." हाताची मूठ मागे जाताना पँटच्या खिशाजवळून जावी, पुढे येताना गालापर्यंत यावी. हात छातीसमोर आडवे फिरले की खांदे फिरतात, खांद्यांमागून कंबर, आणि मुलगा नागमोडी पळतो. मुठी आवळू नयेत. आवळल्या की ताण खांद्यांपर्यंत चढतो.

तिसरी: "लगेच उभा राहू नको." पहिल्या पाच-सहा पावलांत अंग हळूहळू उभं व्हायला हवं. बरीच मुलं दुसऱ्याच पावलाला मान वर करून ताठ होतात, कारण बॉल कुठे आहे ते बघायचं असतं. नजर खाली खुपसून ठेवायला सांगणंही फुटबॉलमध्ये चुकीचं आहे. बॉल बघायला मान थोडी उचलली तरी चालते, छाती उचलायची नाही.

या तिन्हींसाठी सर्वांत उपयोगी व्यायाम म्हणजे तोल सोडून सुरुवात. पाय जुळवून उभं राहायचं, अंग ताठ ठेवून पुढे झुकत जायचं, पडणार असं वाटलं की धाव घ्यायची. कमरेत वाकणारा मुलगा यात लगेच दिसतो. नवख्या मुलाला जोडीदाराने समोरून खांद्यांना धरून तिरकं करावं आणि बाजूला होत सोडावं.

हे जमलं की वेगवेगळ्या अवस्थांतून उठून दहा मीटर: एका गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून, मांडी घालून, पाठमोरं उभं राहून, बाजूला दोन पावलं सरकून. सामन्यात कुणी "रेडी, स्टेडी" म्हणत नाही. खेळाडू पडलेला असतो, वळत असतो, मागे सरकत असतो.

इशाराही बदलत ठेवा. सुरुवातीला शिट्टी ठीक आहे. दोन आठवड्यांनंतर इशारा बॉलचा हवा: प्रशिक्षकाच्या हातून बॉल सुटला की पळायचं, किंवा बॉल उजवीकडे टाकला तर उजवीकडे. कानाने सुटायची सवय लागलेला मुलगा डोळ्याने दिसलेल्या गोष्टीवर उशिरा सुटतो.

आपले खेळ वापरा

दहा वर्षांखालच्या मुलांना वरचं तंत्र शिकवत बसू नका. त्यांना पळापळीचे खेळ द्या, त्यात सगळं येतं. रुमालपळवी तर मुद्दाम बनवलेल्या स्प्रिंटच्या व्यायामासारखीच आहे: दोन रांगा, मध्ये रुमाल, नंबर पुकारला की दोघं सुटतात. मधलं अंतर प्रत्येक बाजूने आठ ते दहा मीटर ठेवा आणि रुमालाच्या जागी बॉल ठेवा. जो आधी पोचेल तो बॉल घेऊन आपल्या रेघेकडे, दुसरा मागे. सुरुवात, पाठलाग, शरीर आड घालणं, तिन्हींचा सराव होतो.

खो-खोमध्ये पाटीवर बसलेला खेळाडू 'खो' मिळताच खालून उठून पूर्ण जोराने सुटतो. पहिल्या तीन पावलांसाठी यापेक्षा चांगली सवय मिळणं कठीण. लंगडीने एका पायाचा उसळता जोर वाढतो, कारण धावणं म्हणजे शेवटी एका पायावरून दुसऱ्या पायावर उडी. मात्र लंगडी दहा-दहा सेकंदांची, दोन्ही पायांनी सारखी, आणि मऊ जमिनीवर. विषामृत, साखळी, पकडापकडी हेही चालतात. खेळ कोणताही घ्या, एका मुलाने सलग पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त पळू नये अशी जागा आखा. जागा मोठी झाली की खेळ दमाचा होतो.

जमिनीवर पसरायची शिडी बऱ्याच अकादम्यांत दिसते. पाय भराभर हलताना बघायला छान वाटतं. त्याने शिडीत पाय हलवणं सुधारतं, वॉर्मअपमध्ये दोन मिनिटं करायला हरकत नाही, पण वेग जमिनीला दिलेल्या जोरातून येतो आणि शिडीत जोर लावताच येत नाही. पैसे मर्यादित असतील तर शिडीऐवजी चार बॉल जास्त घ्या.

तेरा ते पंधरा वयासाठी आठवड्याचा नमुना

सामना रविवारी असेल तर सोमवारी सुट्टी, वेगाचा सराव मंगळवारी आणि गुरुवारी. दोन्हींच्या मध्ये ४८ तास जातात आणि सामन्याआधी पाय हलके होतात. दोन्ही दिवशी हा भाग वॉर्मअप संपताच घ्यायचा, बॉलच्या सरावाआधी.

मंगळवार, सुरुवातीचा वेग:
- तोल सोडून सुरुवात, १० मीटर, ४ वेळा, मध्ये १ मिनिट
- वेगवेगळ्या अवस्थांतून, १० मीटर, ४ वेळा, मध्ये १ मिनिट
- दोघांची शर्यत बॉलवर, १५ मीटर, ४ वेळा, मध्ये दीड मिनिट

एकूण १४० मीटर, वेळ सतरा-अठरा मिनिटं. एवढंच. संपल्यावर मुलं "अजून एक" म्हणत असतील तर प्रमाण बरोबर बसलं.

गुरुवार, लांब आणि वळणाची धाव:
- १५ मीटरमध्ये वेग चढवत नेऊन पुढचे १० मीटर पूर्ण वेगात, ३ वेळा, मध्ये अडीच मिनिटं
- मधल्या वर्तुळाच्या कडेने २० मीटर वळत, दोनदा डावीकडून, दोनदा उजवीकडून, मध्ये २ मिनिटं

गुरुवारच्या धावेला वेगळी सूचना लागते. वेग चढल्यावर अंग उभं, कंबर उंच, गुडघा पुढे वर आणि पाय कमरेच्या खालीच पडायला हवा. "लांब ढांगा टाक" हे सांगू नका. मुलगा पाय पुढे फेकतो, टाच टेकते आणि मांडीच्या मागच्या स्नायूवर नको तिथे ताण येतो. "जमीन गरम आहे, पाय पटकन उचल" ही सूचना मुलांना लगेच कळते.

वळणाची धाव मुद्दाम घ्यायची, कारण सामन्यात सरळ रेषेतल्या धावा कमी आणि डिफेंडरच्या पाठीमागून वळसा घेऊन जाणाऱ्या जास्त. वळताना सगळं अंग आतल्या बाजूला झुकावं. नुसतं डोकं झुकलं की पाय बाहेर घसरतो. बहुतेक मुलांची एक बाजू कच्ची असते, ती कोणती ते लिहून ठेवा.

बारा वर्षांखालच्यांना एका दिवशी खेळ धरून १०० ते १५० मीटर पुष्कळ. सोळा-सतराच्या मुलांना २५० ते ३५० मीटरपर्यंत नेता येतं, पण दोन महिन्यांत चढत. पहिले दोन आठवडे फक्त ५ ते १० मीटर, मग १५, मग २०. दर चौथ्या आठवड्यात प्रमाण जवळपास निम्मं, जोर तेवढाच.

मुलं चोवीस आणि प्रशिक्षक एक, अशी वेळ नेहमीच येते. सहा-सहाच्या चार ओळी करा. दर वीस सेकंदांनी एक ओळ सोडा. एका ओळीची पाळी ऐंशी सेकंदांनी येते, म्हणजे दहा मीटरच्या धावेला विश्रांती आपोआप पुरेशी मिळते. परत येताना पट्टीच्या बाहेरून चालत यायचं, पळत नाही. साधारण सारख्या वेगाची मुलं एका ओळीत ठेवा. शर्यतीत पूर्ण जोर लागतो तो हरण्या-जिंकण्याची शंका असेल तेव्हाच. सतत मागे राहणारा मुलगा तिसऱ्या धावेपासून प्रयत्न सोडतो. त्याला एक मीटर पुढून सोडा, बघा कसा पळतो ते.

थांबवायचं कधी? पावलांचा आवाज जड झाला, टाचा आपटू लागल्या, खांदे कानांकडे चढले, किंवा वीस मीटरची वेळ सगळ्यांत चांगल्या वेळेपेक्षा दोन दशांश सेकंदांनी वाढली, की त्या मुलाचा वेगाचा सराव त्या दिवसापुरता संपला. ठरवलेल्या बारापैकी आठच धावा झाल्या असतील तरीही.

थांबणं

वेगाने पळायला शिकवलं आणि थांबायला शिकवलं नाही तर गुडघे आणि घोटे त्याची किंमत मोजतात. पूर्ण वेगातून एका पावलात थांबता येत नाही. तीन-चार छोटी पावलं, कंबर खाली, छाती किंचित पुढे, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेत. गुडघा आत कोसळत असेल तर लगेच वेग कमी करून पुन्हा शिकवा. मुलींमध्ये वयात येतानाच्या काळात हे जास्त दिसतं आणि गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाची (लिगामेंटची) मोठी दुखापत अशाच क्षणी होते.

सराव सोपा आहे. दहा मीटर पळायचं आणि पुढच्या पाच मीटरमध्ये थांबायचं, आधी साठ टक्के वेगाने. महिन्याभरात थांबायची जागा तीन मीटरवर आणा. मग थांबून उलट दिशेने पाच मीटर. आठवड्यातून एकदा, सहा वेळा पुरे.

ताकद

कोल्हापुरातल्या अनेक फुटबॉल संघांची नावंच तालमींची आहेत, त्यामुळे जोर-बैठका मुलांना परक्या नाहीत. हा वारसा वेगासाठीही कामाचा आहे, फक्त मोजणी बदलावी लागते. दोनशे बैठकांनी चिवटपणा येतो आणि दोन दिवस मांड्या भरतात. वेगासाठी संख्या कमी आणि प्रत्येक बैठकीत उठतानाचा झटका जास्त हवा. सावकाश खाली, झटक्यात वर, आठ-आठच्या तीन फेऱ्या. त्यासोबत पायरीवर एका पायाने चढणं (प्रत्येक पाय आठ), एका पायावर टाच उचलणं (बारा), पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं (दहा). जागेवरून लांब उडी पाच वेळा, प्रत्येक उडीनंतर दोन सेकंद न हलता उभं राहून. सुरुवातीला एका दिवशी सगळ्या उड्या मिळून चाळीस ते साठच्या वर जाऊ नयेत.

तेरा वर्षांपुढच्यांना मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक व्यायाम आवर्जून द्या. मुलगा गुडघ्यांवर उभा, खाली घडी घातलेली सतरंजी, जोडीदार मागून घोटे दाबून धरतो. अंग सरळ ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकत जायचं, तोल गेला की हातांवर पडायचं. तीन-तीनच्या दोन फेऱ्या, आठवड्यातून एकदा, पुढे पाच-पाचच्या. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग नावाच्या या व्यायामाने या स्नायूच्या दुखापती बऱ्याच कमी होतात. पहिल्या आठवड्यात मांड्या चांगल्याच दुखतात, म्हणून सामन्याच्या आधल्या दोन दिवशी कधीच नको.

चढावर दहा-बारा मीटर पळवणं उत्तम, चढ सौम्य असावा. मुलगा आपोआप पुढे झुकतो आणि मागे ढकलतो. उतारावरून पळवू नका. वाळूत किंवा कमरेला टायर बांधून पळवणं लहान मुलांना नकोच. जोडीदाराने कमरेभोवती टॉवेल धरून पाच मीटर हलका अडथळा द्यायचा आणि मग सोडायचं, एवढं पुरतं. अडथळ्यामुळे मुलगा वाकडातिकडा पळू लागला तर तो जास्त झाला.

उंची वाढत असताना

मुली साधारण बाराव्या वर्षी आणि मुलगे चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांत झपाट्याने उंच होतात. पाय लांब होतात, स्नायू मागे पडतात, आणि कालपर्यंत चपळ असलेला मुलगा अडखळायला लागतो. त्याला आळशी ठरवू नका. दर तीन महिन्यांनी भिंतीला उभं करून उंची मोजा. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटर किंवा जास्त वाढ दिसली तर त्या मुलाच्या उड्या आणि पूर्ण जोराच्या धावा एक तृतीयांशाने कमी करा, तंत्र आणि तोलाचा सराव वाढवा.

याच वयात टाचेच्या मागे किंवा गुडघ्याखाली हाडाच्या उंचवट्यावर दुखतं. वाढत्या हाडाला स्नायूबंध ओढतो त्यामुळे. टाचेचं दुखणं साधारण नऊ ते तेरा वयात, गुडघ्याखालचं त्यापुढे. दाबल्यावर नेमक्या त्या जागी दुखतं आणि पळाल्यावर वाढतं. धावा आणि उड्या कमी केल्या की बहुतेकांचं हळूहळू बरं होतं. लंगडणं, सूज किंवा रात्री झोपेत दुखणं असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. "खेळून मोकळं होईल" म्हणून पळवत राहिल्याने चार आठवड्यांचं दुखणं चार महिन्यांचं होतं.

झोपही याच खात्यात येते. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास लागतात, त्याहून लहानांना जास्त. रात्री नऊपर्यंत क्लास आणि पहाटे साडेपाचला मैदान असा दिवस असेल तर त्या सकाळी वेगाचा सराव ठेवण्यात अर्थ नाही.

मोजणं

स्टॉपवॉचने दहा मीटर मोजू नका. हाताची चूक एक-दोन दशांश सेकंदांची होते आणि मुलाची सुधारणा त्याहून कमी असते. मोबाइलचा स्लो मोशन वापरा. पूर्ण वेगातल्या दहा मीटरच्या दोन्ही टोकांना पट्टीला अगदी लागून काठ्या रोवा. मोबाइल मधोमध, पट्टीपासून बारा-पंधरा मीटर लांब, स्टँडवर आडवा. सेकंदाला २४० चित्रं घेणारा मोड असेल तर कंबर पहिल्या काठीशी आल्यापासून दुसरीशी येईपर्यंतची चित्रं मोजा आणि २४० ने भागा. ३३६ चित्रं म्हणजे १.४ सेकंद. प्रत्येकाला तीन संधी, सगळ्यांत चांगली वहीत. सहा ते आठ आठवड्यांतून एकदा पुरे, त्याच पट्टीवर, त्याच बुटांत, त्याच वेळी. वहीतले आकडे भिंतीवर लावू नका. मुलाची तुलना त्याच्या मागच्या आकड्याशी करा, कारण एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असतं.

उन्हाळा, पाऊस आणि धरलेला स्नायू

एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरच, दर पंधरा मिनिटांनी पाणी. पावसाळ्यात चिखलात पूर्ण जोराने पळवू नका, जांघेचा स्नायू ओढला जातो. जून ते सप्टेंबर शाळेच्या सभागृहात भिंतीचे व्यायाम, ताकद, लंगडी आणि जागा असेल तर पाच मीटरच्या धावा घ्या. फरशी ओली नाही ना, हे आधी पाहा.

धावताना मांडीच्या मागे कळ आली तर मुलाला तिथेच थांबवा. चोळू नका, ताणू नका, "चालून बघ" म्हणू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, पाय आरामात. चालताना दुखत असेल किंवा दुसऱ्या दिवशी काळं-निळं दिसलं तर डॉक्टर. परत आणताना क्रम असा: न दुखता चालणं, मग हलकं धावणं, मग वीस मीटर साठ टक्के, ऐंशी टक्के, नव्वद टक्के. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं नाही तरच पुढची. नव्वद टक्क्यांच्या सहा धावा दोन वेगळ्या दिवशी न दुखता झाल्याशिवाय त्या मुलाला सामन्यात उतरवू नका, मग तो अंतिम सामना असला तरी.